अतिक्रमण नाही

करवंदांचा द्रोण हातात देताना साळुबाई जे बोलली ते इब्राहिमला आधी चेष्टाच वाटली. शिवाजीनगरच्या एसटी स्टँडबाहेर, रिक्षांच्या रांगेपलीकडे भिंतीच्या सावलीत ती पाटी घेऊन बसली होती. इब्राहिम आला होता जुन्नरच्या गाड्यांच्या वेळा विचारायला, कारण पुढच्या आठवड्यात चुलतभावाकडे लग्न होतं. तेवढ्यात "गारडसाहेब!" अशी हाक आली आणि त्याचे पाय जागच्या जागी थबकले. पुण्यात त्याला ह्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. कोंढव्यातल्या बिल्डिंगीत तो तालिबचे अब्बा होता, वॉचमनचा चाचा होता, नात कशिशचा शाळेचं दप्तर वाहणारा आजोबा होता. निवृत्त होऊन दीडच वर्ष झालं होतं, पण फॉरेस्ट गार्डचा गारड झालेला हा शब्द खाकी कपड्यांबरोबर ट्रंकेत गेला होता. त्यानं वळून पाहिलं. केस पिकलेले, समोरचा एक दात गेलेला, पण डोळे तेच, कोंढारवाडीच्या चढावर धापा टाकत आलेल्या माणसाला वरून खाली मापणारे. त्यानं पैसे काढले तर तिनं त्याचा हात मागं ढकलला. "तुमच्याकडनं पैसं घेतलं तर देव बघंल की," म्हणाली. मग द्रोण देता देता, हसतहसतच, म्हणाली, "पर भाऊ, तुमी आमाला एक डाव दंड ठोकला असता ना, तर लई बरं झालं असतं."

तोही हसला. माणूस समजलं नाही की आधी हसतो. मग तिनं पाटीवरचं ओलं फडकं सारखं करत करत सगळं सांगितलं. नवा कायदा आलाय, अभयारण्यात जे आधीपासून कसत होते त्यांना ती जमीन नावावर मिळायची आहे. पण आधीपासून कसत होतो हे दाखवायला लागतं. "वढ्यापल्याड सावळेराम गारडाचं बीट व्हतं. त्यानं ज्याला त्याला दंड ठोकला. त्या समद्यांस्नी आता पट्टं मिळालं बघा. पावत्या दावल्या, झालं काम. सरकारच म्हणतंय, तुमी कसत व्हता म्हणून तर दंड झाला. आमच्यापाशी काय हाय? तुमी देवमाणूस. तुमी कवा पावती फाडलीच न्हाई." एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला दोन द्रोण दिले, आणि मघाच्याच सुरात पुढं म्हणाली, "आन वर तुमच्या खात्यानं लिवून दिलंय, तितं कुणी कसतच नव्हतं म्हणून. वरसानुवरसं तसंच लिवलंय म्हणं. कुणा मेल्यानं लिवलं देव जाणे. येत्या बुधवारी घोडेगावला सुनावणी हाय. तितं न्हाई म्हणलं की गेलं वावर." इब्राहिमनं एक करवंद तोंडात टाकलं. कुणा मेल्यानं लिहिलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. अक्षरसुद्धा ठाऊक होतं, थोडं उजवीकडे झुकलेलं, उर्दू शाळेतून मराठी शाळेत आलेल्या पोराचं.

घरी येताना बसमध्ये त्याच्या ओठांना करवंदांचा चीक चिकटत होता आणि तो जिभेनं ओठ सोडवत राहिला. स्वारगेट गेलं, कोंढव्याची चढण आली, तरी मन एकाच शब्दापाशी अडकलेलं. देवमाणूस. तेरा वर्षं हा शब्द त्यानं खिशात घालून फिरवला होता. कोंढारवाडीच्या त्या गस्तीच्या बीटावर यायला कुणी राजी नसायचं. एसटी तळेघरपर्यंत, तीही आली तर आली, पुढं सगळी पायपीट, आणि पावसाळ्यात चार महिने धुक्यात स्वतःचा हात दिसायची मारामार. त्याची बदली निघायची आणि जागेवर यायला माणूस मिळत नाही म्हणून रद्द व्हायची. त्याची बायको जुन्नरला, पोरगा जुन्नरला, आणि हा आपला कौलं उडालेल्या चौकीत रेडिओ कानाला लावून बसलेला. अशा माणसाला कुणी देवमाणूस म्हणालं तर तो त्या शब्दावर पोट भरतो. महिनाअखेरीस दैनंदिनी लिहायची आणि घोडेगावला पाठवायची. बीटात गस्त घातली. वणवा नाही. अतिक्रमण नाही. हे दोन शब्द लिहिताना त्याला दरवेळी बरं वाटायचं. एका घरावर आपण छत्री धरली असं वाटायचं. छत्रीखाली त्या घराला कुणी पाहिलंच नाही, हे आज, बसच्या खिडकीशी, बाहेर फर्निचरची दुकानं पळत असताना त्याच्या ध्यानात येत होतं.

पहिल्या दिवशी धूर दिसला होता. चौऱ्याण्णवचा उन्हाळा असावा, कारण तालिब तेव्हा सातवीत होता. दगडांचा ढीग रचून केलेला खात्याचा हद्दीचा बुरूज, आणि त्याच्या आत, म्हणजे अभयारण्यात, उतारावर राब भाजायचं चाललं होतं. झाडांच्या फांद्या तोडून जमिनीवर पसरायच्या, जाळायच्या, आणि त्या राखेत नाचणीचं रोप टाकायचं. बापजाद्यांपासून महादेव कोळ्यांचं असंच चालत आलेलं, आणि खात्याच्या लेखी फांदी तोडणं एक गुन्हा, जाळणं दुसरा आणि पेरणं तिसरा. बीटावर नवा नवा इब्राहिम तरातरा चढून गेला, पिशवीत पावतीपुस्तक, डोक्यात वरिष्ठांनी भरलेलं सगळं कायद्याचं ज्ञान. पुरुष पळाले. साळुबाई मात्र पळाली नाही. पाठीला तिचा तान्हा पोरगा भिका बांधलेला, हातात कोयता. कोयता तिनं खाली ठेवला, घरात गेली, तांब्याभर पाणी आणून ठेवलं, आणि मग चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी थापायला घेतली. दंडाचं बोलणं झालंच नाही. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून ती हसली, आणि पिशवीतलं पावतीपुस्तक पिशवीतच राहिलं. निघताना तो एवढंच म्हणाला, "ऐनाच्या फांद्या छाटा, पण शेंड्याला हात लावायचा नाही. शेंड्यात शेकरूचं घरटं आहे." तिनं मान डोलावली. तेरा वर्षांत त्या ऐनाच्या शेंड्याला कोयता लागला नाही, आणि लांब शेपटीची ती तांबूस खार उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याच झाडावर दिसत राहिली. इब्राहिमला वाटायचं, हाच खरा कायदा. दोन माणसांत झालेला, कागदाबिगदाची गरज नसलेला.

सावळेरामचं ह्याच्या अगदी उलट. ओढ्यापलीकडचा तो काटक, मिशाळ गार्ड सख्ख्या मेव्हण्यालाही सोडायचा नाही. बाई मोळी घेऊन दिसली तर मोळी जप्त, राब दिसला तर पावती, पावती नको म्हणालं तर कोर्टाची तारीख. वाडीतली पोरं त्याच्या नावानं बोटं मोडायची. सावळेराम मेला तर त्याच्या तिरडीच्या बांबूंची पण आधी पावती फाडावी लागेल, असं लोक म्हणायचे, आणि इब्राहिम ते ऐकून मनातल्या मनात सुखावायचा. दोघं तळेघरच्या हॉटेलात चहाला भेटले की सावळेराम म्हणायचा, "इब्राहिम, तू लोकांना लाडावून ठेवलंस. उद्या तुला जड जाईल." जड कुणाला गेलं? सावळेराम गेल्याच वर्षी हार्ट अटॅकनं वारला, आणि ज्यांनी त्याला शिव्याशाप दिले त्यांच्या घरात आता त्याच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात ठेवल्यात. मेलेल्या माणसाचा हेवा वाटणं बरं नव्हे, हे इब्राहिमला कळत होतं. पण वाटत होता. तो गादीवर पडून पंख्याकडे बघत होता, बाहेर कशिश टीव्हीवरचं हिंदी गाणं म्हणत होती, आणि त्याला सावळेरामच्या मिशा दिसत होत्या.

आणि मग त्याहून वाईट गोष्ट मनात आली. भर दुपारी, जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता आली. तो खरंच चांगुलपणा होता का? गुन्हा नोंदवायचा म्हणजे पंचनामा, दोन साक्षीदार, घोडेगावला खेपा, मग कोर्टाच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेला तळेघरची एसटी गाठायला पहाटेचं निघणं. पावती न फाडल्यानं हे सगळं वाचत होतं. वर भाकरी मिळत होती. वर देवमाणूस म्हणवून घेता येत होतं. असा सौदा कोण सोडेल? सावळेराम निदान उन्हातान्हात चालत तरी गेला, लोकांचा राग अंगावर घेतला, जे पाहिलं ते लिहिलं. इब्राहिमनं जे पाहिलं ते लिहिलं नाही, आणि जे लिहिलं ते खोटं. एक तिसरीही बाजू होती, तीही तो विसरत नव्हता. त्या बाईला दरवर्षी दंड केला असता तर तिनं तो कुठून भरला असता? पाठीवर भिका, नवरा खोकल्यानं आजारी. दंडाच्या भीतीनं कितीतरी घरं डोंगर उतरून कारखान्यांच्या दारात गेली, ती परत आली नाहीत. ती टिकली, ती पावती फाडली नाही म्हणून. म्हणजे केलं ते बरोबरही होतं आणि चूकही. हे दोन्ही एका डोक्यात मावेना. त्यानं अडकित्ता खाली ठेवला.

रात्री जेवताना त्यानं तालिबला सांगितलं, बुधवारी घोडेगावला जाणार. तालिबनं कारण विचारलं आणि ऐकून घास हातातच धरला. "अब्बा, तुमची पेन्शन अजून फायनल नाही. तात्पुरती चालू आहे. तिथं उभं राहून सांगणार, मी तेरा वर्षं खोटे रिपोर्ट दिले? सोडतील ते तुम्हाला?" सून ताहेरा मध्ये पडली, म्हणाली, "चिठ्ठी पाठवा ना अब्बा, जायची काय गरज?" इब्राहिम म्हणाला, "चिठ्ठ्या पाठवल्यामुळंच झालंय हे सगळं." कुणाला ते कळलं नाही. कशिशनं विचारलं, "दादाजान, अतिक्रमण म्हणजे काय?" तो म्हणाला, "दुसऱ्याच्या जागेत बसणं." "मग त्या आजी दुसऱ्याच्या जागेत बसल्यात?" त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिला. त्या बाईच्या सासऱ्याचा पणजा त्या उतारावर राब भाजत होता तेव्हा अभयारण्य नव्हतं, खातं नव्हतं, आणि इब्राहिमच्या अंगावरची खाकी तर नव्हतीच. हे नातीला कसं सांगायचं, आणि ज्यानं जन्मभर त्या खाकीचा पगार खाल्ला त्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

घोडेगावच्या कचेरीच्या व्हरांड्यात बुधवारी ही गर्दी. डोंगरातली माणसं पहाटेपासून येऊन बसलेली, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या हातात रेशनकार्ड, आणि ओढ्यापलीकडची माणसं आपली कामं होऊन गेल्यामुळं नुसतीच मजा बघायला आलेली. साळुबाई भिकाला घेऊन कोपऱ्यात बसली होती. भिका आता मिसरूड फुटलेला, आईपेक्षा उंच. इब्राहिमला बघून तिनं लगबगीनं उठून जागा दिली, भिकाला म्हणाली, "सरक रं, साहेबास्नी बसू दे." तिला अजून ठाऊक नव्हतं. इब्राहिम तिच्या शेजारी बसला आणि त्याच्या मनात आलं, आत्ता इथून उठून एसटी धरली तर कुणाला काय कळणार आहे? ही बाई मरेपर्यंत देवमाणूसच म्हणत राहील. वावर जाईल, पण शब्द राहील. एवढा स्वस्त विचार आपल्या मनात येतो ह्याचीच त्याला लाज वाटली, आणि तो जागचा हलला नाही. नाव पुकारलं गेलं.

टेबलामागं सुनावणीचे साहेब, बाजूला खात्याच्या वतीनं हर्षाली मॅडम, नव्या रेंजर, तिशीच्या आतबाहेर, खाकीची इस्त्री कडक. त्यांनी शांत आवाजात वाचून दाखवलं की संबंधित बीटाच्या वनरक्षकाच्या अहवालांत सातत्यानं अतिक्रमण नाही अशी नोंद आहे, सबब दावा मान्य करता येत नाही. साळुबाईनं पदर डोक्यावर ओढला. इब्राहिम उभा राहिला. "साहेब, ते मी लिहिलंय. इब्राहिम, वनरक्षक, निवृत्त. ते खोटं आहे. ही बाई चौऱ्याण्णवपासून मी माझ्या डोळ्यांनी बघतोय, दरवर्षी नाचणी नाहीतर वरई. मी मुद्दाम लिहिलं नाही." साहेबांनी चष्मा काढला. "तेव्हा खोटं लिहिलं म्हणता. मग आज खरं बोलताय हे कशावरून?" कुणी हसलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं. साहेब म्हणाले, नुसतं तोंडी चालणार नाही, काही सरकारी पुरावा असेल तर पुढच्या तारखेला आणा. इब्राहिमनं वळून पाहिलं. साळुबाई त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर तो त्यानं घेतला असता. राग नव्हता. बाजारात नेहमीच्या दुकानदाराचं वजन खोटं निघाल्यावर माणूस बघतो, तसं ती बघत होती, आपण इतके दिवस काय काय घेतलं ते आठवत. मग तिनं भिकाचा हात धरला आणि निघून गेली.

तो पायऱ्यांवर बसून राहिला. गर्दी पांगली, चहावाल्यानं कपबशा गोळा केल्या. हर्षाली मॅडम बाहेर आल्या आणि त्याच्यापाशी थांबल्या. "काका, तुम्ही माझ्यासमोर कबूल केलंत. मला गप्प बसता येणार नाही. तुमच्यावर नोटीस काढावी लागेल." "काढा," तो म्हणाला. "पेन्शन अडकेल. चौकशी लागेल, वर्षानुवर्षं चालेल." "काढा मॅडम." त्यांनी जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवली, पेनाचं टोपण काढलं, आणि चेहरा अगदी सरकारी ठेवून विचारलं, "नोटिशीत सगळा तपशील द्यावा लागतो. कुणाचं अतिक्रमण तुम्ही होऊ दिलंत, नेमकं कुठं, आणि कोणत्या सालापासून. काय लिहू?" इब्राहिमनं वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, एक रेषही नाही. पण पेन थांबलं होतं, आणि त्याची वाट बघत होतं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं उठून, जन्मात कधी दिला नव्हता इतका नीट जबाब दिला. साळुबाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, वाडी, बुरूज, ऐनाचं झाड, उताराची दिशा, साल. जन्मभर जे लिहिलं नाही ते सगळं एका दमात बोलून दाखवलं, आणि मॅडमनी मान वर न करता लिहून घेतलं.

नोटीस श्रावणात आली. ताहेरानं सही करून घेतली आणि लिफाफा त्याच्या हातात देताना तिचा चेहरा उतरला होता. तालिब दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच बापाला स्टँडवर सोडलं आणि प्लास्टिकची पिशवी दिली, म्हणाला, "भिजेल. तिकडं पाऊस असतो." तळेघरला उतरून इब्राहिम चालू लागला. गुडघे आता पूर्वीचे राहिले नव्हते. धुकं खाली आलं होतं, आणि वाटेवरचा प्रत्येक दगड ओळखीचा असून पाय घसरत होता. त्याला वाटत होतं, ती पोचल्या पोचल्या हाकलून देईल. वाटत होतं, हाकलून दिलं तर बरंच होईल. बुरुजापाशी तो थांबला. उतारावर नाचणीची लावणी चालली होती. इरली पांघरलेल्या दोन आकृती वाकून रोपं लावत होत्या, आणि वर ऐनाचं झाड उभं होतं, खालून छाटलेलं, शेंडा शाबूत.

भिका आधी वर आला. इब्राहिमनं पिशवीतून कागद काढून त्याला वाचायला दिला आणि सांगितलं, "हे माझ्यावरचं आरोपपत्र समज. खात्यानंच लिहिलंय की साळुबाई चौऱ्याण्णवपासून ह्या बुरुजाच्या आत कसत होती आणि मी ते होऊ दिलं. खाली सही आहे, शिक्का आहे. पुढच्या तारखेला हा दाखवायचा. ह्याहून मोठा सरकारी पुरावा नाही." भिकानं दोनदा वाचलं, मग खाली आईला ओरडून सांगितलं, "आये, दंड झालाय!" "कुणाला?" तिनं कंबर सरळ न करताच विचारलं. "गारडसाहेबास्नी!" तिनं हातातलं रोप आधी लावलं. मग चिखलाचा हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि धुक्यातून त्याच्याकडे बघितलं. "मंजी तुमची पेन्शन?" तिनं विचारलं. "बघू," तो म्हणाला. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "एक सांगू का भाऊ. तवा तुमी बुरजापाशी दिसला ना, की हातातलं समदं टाकून मी चुलीकडं पळायची. भाकरी दिली की दंड टळतो, एवढंच ठावं व्हतं. तुमी खायाचा, आन मी तुमच्या पिशवीकडं बघत बसायची."

त्यानं ते ऐकून घेतलं. तेरा वर्षांच्या भाकऱ्या, ठेचा, तांब्यातलं थंड पाणी, तिचं हसणं, सगळं एकदम पालथं झालं. त्याला वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि भूक चांगलीच लागली होती. "आणि आता?" त्यानं विचारलं. "आता काय?" ती म्हणाली. तिनं रोपांची जुडी उचलली, पुन्हा वाकली, आणि मातीत बोट घालता घालता म्हणाली, "बसा तितं. एवढी लावणी उरकू द्या, मंग बघू भाकरीचं." इब्राहिम बुरुजाच्या दगडांवर बसला. तिला घाई नव्हती. ती एकेक रोप लावत हळूहळू त्या टोकाकडे सरकत गेली, आणि तो उपाशी पोटी, भिजत, तिची वाट बघत राहिला.